बत्तीस किलोबाइटात बसवलेलं गाव

आकाराम मोहिते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावच्या फाट्यावर एसटीतून उतरताक्षणी मेजर झाले. आमच्याकडं ही बढती प्रत्येक फौजीला मिळते, तिला वरिष्ठांची सही लागत नाही. पुढं त्यांना आकाराम म्हणणारं माणूस गावात उरलंच नाही. चंद्राबाई, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, नवऱ्याचं नाव घेत नसत, म्हणून तोही प्रश्न मिटला.

मेजर सिग्नलवाले होते. बावीस वर्षं कमीत कमी शब्दांत निरोप धाडायचं काम केलेलं, ती सवय हाडात मुरलेली. त्यांच्याबरोबरचे फौजी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले. मेजरांनी मात्र इस्लामपुरात स्टँडमागं एक गाळा घेतला आणि पाण्याच्या मोटरी आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवायला सुरुवात केली. पेटीत बोटाच्या नखाएवढी चिप असते. तिनं काय करायचं ते संगणकावर लिहून तिच्यात भरावं लागतं. जागा किती, तर बत्तीस किलोबाइट. सकाळी सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट जो सुप्रभात येतो, तो एकटा अशा चार-पाच चिपा खाऊन ढेकर देईल.

मुलगी क्रांती शिरवळच्या एका कारखान्यात हेच काम करायची. ती म्हणायची, आप्पा, हल्ली असल्या छोट्या यंत्रांसाठी तयार प्लॅटफॉर्म मिळतात, चिपमध्ये तो बसवायचा आणि वर सोप्या भाषेत लिहायचं. मेजरांनी एकदा बसवून पाहिला. त्यानं निम्मी चिप आधी स्वतःच अडवली. जावई आला की पलंग त्याला आणि घरच्यांनी ओसरीवर, तसला प्रकार. मेजरांनी तो पुसून टाकला आणि एकेक सूचना हातानं, मोजून-मापून लिहायला लागले. बचत केलेल्या शंभर बाइटचा त्यांना जो आनंद व्हायचा, तो चंद्राबाईंना कधी कळला नाही.

अशात गावाच्या नळपाणी योजनेचं काम त्यांच्याकडं आलं. टाकी रिकामी झाली की मोटर चालू, भरली की बंद, आणि विहिरीतलं पाणी संपलं तर मोटर जळायच्या आत बंद. शिवाय चौकात एक लाल अक्षरांची सरकती पाटी, तिच्यावर कुठल्या आळीला कधी पाणी सुटणार ते. एवढं सगळं चिपमध्ये बसून वर जागा उरत होती.

ती उरली हेच चुकलं. पाणी समितीचे अध्यक्ष हंबीरराव यांना कोणीतरी ते सांगितलं. उद्घाटनाला दोन दिवस असताना त्यांनी नावांची यादी पाठवली. एकतीस नावं, मानाच्या क्रमानं. आमच्याकडं पाटी म्हटली की नावं आलीच, आणि एक नाव राहिलं तर पुढच्या तीन निवडणुका त्यावर लढवल्या जातात.

इथं घोडं पेंड खाऊ लागलं. मराठी अक्षर त्या चिपला ठिपक्या-ठिपक्यानं काढून द्यावं लागतं आणि प्रत्येक अक्षर जागा धरून बसतं. मोठी चिप मागवायची तर चार दिवस हवेत, आणि पाहुण्यांची तारीख ठरलेली. शेवटी मेजरांनी शक्कल काढली. 'माननीय' हा शब्द त्यांनी चिपमध्ये एकदाच ठेवला आणि प्रत्येक नावाच्या वेळी तोच पुन्हा फिरवला. माजी एक, श्री एक, साहेब एक. एकतीस जणांच्या मोठेपणाला एक माननीय पुरला, आणि तो आपल्याला वाट्यानं मिळालाय हे कोणाला कळलंही नाही.

नावं बसली. मग हंबीररावांचा फोन आला की आपल्या नावाआधी 'कार्यसम्राट जलदूत' घाला. ते घालताहेत तोवर उपाध्यक्षांना वास लागला. वय चोपन्न, पण त्यांना 'युवा हृदयसम्राट' हवं होतं. आता मात्र चिप तुडुंब भरली. मेजर पहाटेपासून दुपारपर्यंत एकेक सूचना पिळत बसले, पण थोडं बसायचं राहायचंच. मोटर वाचवणाऱ्या सूचनेला त्यांनी हात लावला नाही, तेवढं इमान त्यांच्यात होतं. त्यांनी दुसरंच काढलं. मोटर पाण्याअभावी बंद झाली तर पाटीवर 'विहिरीत पाणी नाही' असं यायचं होतं. ते तीन शब्द त्यांनी उडवले. मोटर तर बंद होणारच, मग बोलायची काय गरज, असा त्यांचा हिशेब.

उद्घाटन थाटात झालं. सगळ्यांनी आपापलं नाव दोनदा वाचलं.

मार्च संपताना विहीर तळाला गेली. त्या दिवशी मेजर नातवाच्या बारशाला शिरवळला होते. पेटीनं आपलं काम चोख केलं, मोटर बंद केली आणि गप्प बसली. पाणी सोडणारा धुळा सकाळपासून बायकांच्या शिव्या खात होता. त्यानं चौकात येऊन पाटी पाहिली, तर कार्यसम्राट झोकात चाललेले, मागं युवा हृदयसम्राट. म्हणजे यंत्र ठीक आहे, मोटरच रुसलीय, असं त्याला वाटलं. बारशाच्या गडबडीत मेजरांचा फोन लागेना. शेवटी त्यानं पेटी बाजूला काढून वायर डायरेक्ट जोडली. कोरड्या विहिरीवर मोटर अर्धा तास किंचाळली आणि जळाली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत सगळं खापर मेजरांच्या यंत्रावर फुटलं. मेजर उठले. कार्यसम्राट, हृदयसम्राट सगळे समोर बसले होते. एवढी एक संधी होती, पण त्यांनी ती घेतली नाही.

"इहिरीत पाणी न्हाई, ही तीन शब्द म्या काढली. जागा न्हवती. चूक माजी हाय," एवढंच म्हणून ते बसले.

जागा कोणी खाल्ली हे कोणी विचारलं नाही. हंबीररावांनी मोठ्या मनानं मेजरांना माफ केलं आणि टाळ्या घेतल्या.

घरी चंद्राबाईंनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. त्या फारसं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी बोलल्या.

"पायाला गोळी लागून तीन म्हैनं दवाखान्यात पडला हुता, तवाबी चिट्टीत निस्तं 'खुशाल हाय'. मला दुसऱ्याच्या तोंडनं कळलं. आवं, माणसाला जे कळाय पायजे, तेच तुमी नेमकं गाळताय."

बाई खरं बोलत होती, आणि ते मेजरांना फार लागलं.

नवी मोटर आली, तिच्याबरोबर पेटीत मोठी चिप आली. या वेळी मेजरांनी क्रांतीचा प्लॅटफॉर्म मुकाट बसवून घेतला. जागा एवढी झाली की नावं एकतिसाची चव्वेचाळीस झाली. 'विहिरीत पाणी नाही' हे आधी यावं की नावं, यावर समितीची बैठक झाली आणि रीतीप्रमाणं नावं आधी असा ठराव झाला. म्हणजे पाणी नाही हे कळायला गावानं हंडा घेऊन चार मिनिटं मान वर करून उभं राहायचं. मेजरांनी मान हलवली आणि गाळ्यावर जाऊन आपल्याला हवं ते लिहिलं.

मे महिन्यात हंबीररावांच्या लेकीला पाहायला तासगावकडचे मोठे द्राक्षबागायतदार आले. चहा झाल्यावर हंबीरराव त्यांना मुद्दाम चौकातून नेऊ लागले. पाटीवर लाल अक्षरं होती, 'विहिरीत पाणी नाही'. पाहुणे थांबले. हंबीररावही थांबले, आता पुढं नाव येईल म्हणून. पुन्हा तेच तीन शब्द आले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी तेच. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं की आमची मुलगी द्यायची तर त्या गावात पाणी आहे का ते आम्ही बघतोच, पण करून घ्यायची तरी तिच्या गावात पाणी असलेलं बरं, नाही का.

हंबीररावांनी तिथूनच फोन लावला. मेजर, नावं कुठं गेली?

"कुटं जात्यात आबा," मेजर म्हणाले. "इहिरीत पाणी आलं की नावं येत्यात. म्या तसंच लिवलंय."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत विहिरीत पाणी ओतायला टँकरांची रांग लागली. एवढ्या तातडीनं पाणी आलेलं धुळ्यानं आपल्या उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. दहाच्या सुमाराला मोटर चालू झाली, टाकी भरायला लागली आणि पाटीवर कार्यसम्राट जलदूत हंबीरराव मोठ्या दिमाखात आले. त्यांच्यामागून त्रेचाळीस जण शिस्तीत चालत गेले. चौकात वाचायला कोणी नव्हतं. सगळं गाव पाणी भरायला गेलं होतं.