विमलबाईंकडे लेकरू ठेवायचं म्हणजे

विमलबाईंच्या दारात पाण्याचा एक ड्रम होता आणि ड्रमापलीकडे बापांना प्रवेश नव्हता. घुग्घुसच्या खाणीत पहिली पाळी सुटली की त्यांच्या फाटकाशी मोटारसायकली लागत. काळेठिक्कर बाप आपापल्या लेकरांकडे हात पसरत, आणि बाई आतून ओरडत, "आधी हातपाय धुवा! कोळसा खानीतच सोडून येत जा ना बाप्पा!" मी खाणीच्या ऑफिसातला कारकून, अंगात इस्त्रीचा शर्ट. पहिल्या दिवशी ऐटीत ड्रम ओलांडायला गेलो, तर बाईंनी तंबाखू-सुपारीनं फुगलेल्या माझ्या गालाकडे बोट केलं. "भाऊ, तो खर्रा थुका. चूळ भरा. मंग लेकराले हात लावा." सगळे बाप हसले. मीही हसलो असतो, पण तोंड भरलेलं होतं.

आम्ही त्या दारापर्यंत पोचलो ते माझ्या हुशारीमुळे. माझी बायको वैशाली चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात नर्स. सावली या आपल्या गावाहून रोज एसटीच्या धक्क्यात उभी राहून तिनं ते शिक्षण पुरं केलेलं. मुलगी आरोही नुकती पाऊल टाकायला लागली होती आणि वैशालीची रजा संपत आली होती. गोंडपिपरीहून आईनं फोनवरच निकाल दिला होता, "म्हशी कोन पाहीन? लेकरू इथी आनून टाक, मी तिथी येत नाई." माझ्या मामानं जंगलाकडच्या एका गावातून कामाला पोरगी आणून देतो म्हटलं. वैशाली म्हणाली, "तिचं शाळेत जायचं वय आहे. आपलं लेकरू सांभाळायला दुसऱ्याचं लेकरू घरात बसवायचं नाही." तो विषय संपला. आता सोय लागली नाही तर ती नोकरी सोडणार होती.

सोय मी लावली. चंद्रपुरात एक चकचकीत पाळणाघर शोधलं. भिंतीवर हत्ती, जमिनीवर मऊ गादी, आणि मुख्य म्हणजे कॅमेरा. लेकरू दिवसभर फोनवर दिसणार! वैशालीची रजा बाकी असतानाच सवय म्हणून आरोहीला तिथं ठेवायला सुरुवात केली. मी ऑफिसात फोन उभा करून बसलो. पिवळा फ्रॉक खेळतोय, पिवळा फ्रॉक वरणभात खातोय, पिवळा फ्रॉक शहाण्यासारखा झोपलाय. येईल-जाईल त्याला दाखवत होतो. "बापावर गेली," असंही म्हणालो. संध्याकाळी आम्ही दोघं आणायला गेलो तर तो पिवळा फ्रॉक दुसरेच कोणी आईबाप उचलून घेऊन गेले. आमची पिवळ्या फ्रॉकवाली कॅमेऱ्याच्या बरोबर खाली, त्याला न दिसणाऱ्या एकुलत्या एक कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडून रडून आवाज बसला होता. घरी आल्यावर वैशाली म्हणाली, "मी राजीनामा देते."

ऑफिसातल्या एकानं विमलबाईंचं नाव सांगितलं. नवरा खाणीत होता, तो गेल्यावर बाईंनी शेजारपाजारची लेकरं सांभाळायला घेतली. पाळीप्रमाणे ठेवायची आणि पाळीप्रमाणे न्यायची. टिनाचं छप्पर, सारवलेली पडवी, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, अंगणात दोन कोंबड्या. मी नाक मुरडलं. वैशालीनं विचारायचे प्रश्न पाठ करून आणले होते, पण बाईंनीच आधी विचारलं, "लेकरू रडते तं काऊन रडते?"

"भूक लागली की," मी म्हणालो. "झोप आली की," वैशाली म्हणाली. नेमकं तेव्हाच आरोहीनं भोंगा पसरला.

"आता काऊन रडून राह्यली?"

वैशालीनं तिचं कपाळ चाचपून पाहिलं, मी किल्ल्या वाजवून दाखवल्या.

"मले बी नाई माईत," बाई म्हणाल्या. "चार दिवस पाहू, मंग सांगू." कॅमेऱ्याची हकीकत ऐकून मात्र त्या पोट धरून हसल्या. "मंग ते दुसरीच घिऊन यायची ना भाऊ! तुमाले तं चालून राह्यली होती!"

त्यांचा एक नियम होता. लेकरू हातातून ओढून घ्यायचं नाही. आईनं किंवा बापानं पडवीत बसायचं आणि लेकरू आपण होऊन मांडीवरून उतरेपर्यंत उठायचं नाही. वैशालीची रजा संपायला आलेली आणि तिच्या मांडीवरून आरोही उतरेचना, म्हणून सुटी टाकून बसायला मी. पहिल्या दिवशी मी घोडा झालो, हत्ती झालो, कोंबड्याचा आवाज काढला. सगळी लेकरं माझ्या पाठीवर आणि आरोही मात्र गळ्याला घट्ट मिठी मारून, बाप आपलाच आहे हे सगळ्यांना बजावत. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी लेकरू सोडायले आले का खेळायले? निस्ते बसा. मजा नोका येऊ देऊ."

मजा न येऊ देणं मला चांगलं जमलं. भिंतीला टेकून घोरायला लागलो. जाग आली तेव्हा मांडी मोकळी होती. आरोही अंगणात एका पोराच्या वाटीतले मुरमुरे कोंबडीला टाकत होती आणि तो पोरगा बोंबलत होता. "जा आता," बाई हळूच म्हणाल्या, "तुमचं काम झालं." सोमवारी वैशाली पांढरा गणवेश घालून कामावर गेली.

बाई काही देवी नव्हत्या. लेकरांना बशीत चहा पाजत. त्यावरून वैशालीचं आणि त्यांचं असं वाजलं की मी ड्रमाआड उभा राहिलो. चहा बंद झाला, पण बाई महिनाभर वैशालीला "डाक्टरीनबाई" म्हणत. मात्र कोणी अंगणातल्या मातीबद्दल तक्रार केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "लेकरू मातीत बसलं तं चालते. एकटं बसलं नाई पायजे."

मग वैशालीची बदली गडचिरोलीला झाली आणि मीही तिकडेच काम शोधलं. तोवर आरोही बाईंच्याच बोलीत आम्हाला दटावायला लागली होती. पुन्हा शोधाशोध नको म्हणून मी एक नामी योजना काढली आणि बाईंना सांगितली. आरोही आठवडाभर त्यांच्याकडेच राहील, शनिवारी आम्ही नेऊ.

बदलीचं ऐकून बाईंचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, हो म्हणतील. मग आवाज चढला, "दिवसभर सांभाळतो म्हून ते माही झाली का? संध्याकाळी लेकरू मायबापाकडं गेलं पायजे. तिथी दुसरी बाई पाहा. अन् पाहायले जासान तं बाईचं बोलनं नोका ऐकू. तिथची लेकरं तिच्या अंगावर लोंबकळतेत का, ते पाहा."

निघायच्या दिवशी आरोही पडवीत खेळत होती. मी म्हटलं, अशीच गुपचूप उचलून नेऊ, रडणार नाही. बाईंनी मला बाजूला सारलं आणि तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "आरू, तू आता गडचिरोलीले चाल्ली. उद्या इथी येनार नाई. समजलं?"

आरोहीनं त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली, "जयभीम बाई" म्हणाली आणि आईचं बोट धरून गाडीत जाऊन बसली. मागे वळूनही पाहिलं नाही.

"पाहा," विमलबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "रडली नाई. बराबर सांभाळली आपन."

मी डोळे पुसत गाडीत बसलो. वरोऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ उडत होती, असं मी वैशालीला सांगितलं.