गडबडीच्या साली उघडलेलं दार

कुरुंद्याच्या वेशीवर हळद शिजत होती. तो कडवट, मातकट वास गाडीत शिरला आणि त्याच गावातली जुनी दुपार आठवली.

तेव्हा मी इतिहासाचा नवखा प्राध्यापक होतो; पुस्तकासाठी जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करायचो. अठ्ठेचाळीस साली निजामी गेली तेव्हा इथे शेजाऱ्यांनी मुसलमान शेजारी मारले. लोक त्याला नुसतं 'गडबड' म्हणतात. एका म्हाताऱ्यानं गडबडीत शेजारच्या पिंजाऱ्याला बायको-लेकरांसकट हळदीच्या कोठीत लपवलं होतं. अखेर एक चांगला माणूस सापडला म्हणून मी हरखलो.

"बाबा, तुमचं नाव छापतो."

त्यानं माझा हात धरला. "नगा लिहू."

"काहून?"

"म्या दार उघडलं असं लिहिलं, तर बाकीची दारं लावलेली व्हती हेबी लिहावं लागंल. मला याच गल्लीत मरायचंय."

म्हातारा उगाच भितो, असं मला वाटलं. तरी मी लिहिलं नाही.

आज त्या गल्लीच्या तोंडाशी चहा घेताना मी गडबडीचा विषय काढला.

"आमच्या गावात काईच झालं न्हाई, सर," चहावाला म्हणाला. "अख्ख्या गावानं लपवलं व्हतं त्यांला."

"मग आता त्यांची घरं कुठंयत?"

तो कप विसळत राहिला.