ज्याचा त्याचा ठोका

नोकरीत नेमकं काय करतेस, असं कोणी विचारलं की घाटकोपरच्या चेतना तायडेची पंचाईत होते. अंधेरीतल्या तिच्या छोट्या कंपनीत सलाइनमधून औषध मोजून सोडणारी यंत्रं बनतात आणि त्यातल्या चिपने किती वेगाने चालायचं ते चेतना ठरवते. नखाएवढा काळा तुकडा, त्यात सेकंदाला कोट्यवधी ठोके. इतकी वर्षं झाली, तरी चिप बसवलेल्या नव्या बोर्डावरचा दिवा लुकलुकायला लागला की तिच्या अंगावर काटा येतो. बाकीचे हसतात. हसोत बापडे, ज्याला याचं नवल वाटत नाही त्याने डोळे तपासून घ्यावेत.

यंदा नेहमीची चिप बाजारातून गायब झाली आणि तिच्या जागी तिची धाकटी बहीण म्हणावी अशी चिप आली. रूप तेच, दम कमी. बनवणाऱ्यांनीच तिचा वेग बराच खाली सांगितलेला. चेतनाने जुना वेग लावून पाहिला, तर ही धावली की! वेग कमी करायचा म्हणजे चिपच्या ठोक्यांवर मोजलेलं थेंबांचं सगळं गणित नव्याने मांडायचं. तिचा वरिष्ठ हर्षद म्हणाला, "टेबलावर चालतंय ना? मग जाऊ दे माल." एसीत बसून असं म्हणणं हा या धंद्यातला जुनाच रोग. चेतनानेही मान डोलावली.

दुपारी ती मुलुंडच्या इस्पितळात गेली. आईच्या, द्रौपदीबाईंच्या, हृदयाचे ठोके मंदावले होते आणि पेसमेकर बसवायचा होता. परकं यंत्र अंगात नको, असा त्यांचा हट्ट होता. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "त्यातपण तुझ्यासारखी चिप असते ना गं?"

"असते."

"मग तुझ्यासारख्याच कुणीतरी नीट बसून केलं असेल. बसवू दे."

आईला आत नेल्यावर तिने बाकड्यावरूनच हर्षदला फोन करून माल थांबवायला लावला. तो वैतागला, पण थांबला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनाने घरून केस वाळवायचं यंत्र कंपनीत आणलं आणि हर्षदसमोर, जुन्याच वेगाने चालत्या बोर्डावर गरम हवा सोडली. जरा वेळाने दिवा लुकलुकायचा थांबला. थेंबही थांबला. मे महिन्यातला, पंखा बंद पडलेला वॉर्ड दोघांच्याही डोळ्यांसमोर आला.

"वाट लागली असती यार," हर्षद हळूच म्हणाला.

मग चेतनाने नीट मांडामांड केली. आता सुरू होताना आधी चिपलाच विचारायचं, तू कुठल्या जातीची, जुनी की धाकटी. ते तिच्या पोटात कोरलेलं असतं. मग तिला झेपेल तोच वेग आणि त्याच वेगाचं थेंबांचं गणित. पुन्हा गरम हवा सोडली. दिवा लुकलुकतच राहिला.

संध्याकाळी इस्पितळात द्रौपदीबाईंनी विचारलं, "चाललं का तुझं मशीन?"

"मी घाई करत होते त्याला, आई. आता त्याच्या दमाने चालतं."

आईने मनगट पुढे केलं. चेतनाने नाडीवर बोटं टेकवली. कुठल्या देशात, कुठल्या टेबलाशी, कोण जाणे कोणी बसून हा वेग ठरवला होता आणि टेबलावर चालतंय ना, असं म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. जेवणाचं ताट आलं तरी तिने हात सोडला नाही.