गोदूने वाटून टाकलेल्या गोळ्या

विठ्ठलवाडीच्या चाळीत गोदूची बडबड म्हणजे दुसरा नळ होता; फरक एवढाच, की तो चोवीस तास चालायचा. उल्हासनगरातल्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणायचे, लोंबते धागे कात्रीने कापायचे आणि चाळभर हसत राहायचं. मग एका हिवाळ्यात हसू आटलं. कारण काहीच नाही. जेवणाची माती झाली, सकाळ अंगावर धोंड्यासारखी पडू लागली.

नवरा हिंदुराव तिला दवाखान्यात घेऊन गेला. मालिनी डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूतल्या काही रसायनांचा मनाच्या चढउतारात हात असतो. गोळी त्यांच्या कामाला मदत करते, पण सावकाश, रोज घ्यायची. गोदूने मान डोलावली. तिला नेमकं समजलं होतं: हे तर विरजण, हळूहळू लागणारं.

महिन्या-दीड महिन्यात आमटीला चव आली. टीव्हीवरच्या मालिकेला तिने शिवी घातली, तेव्हा हिंदुरावला हायसं वाटलं.

शेजारची रखमाबाई मात्र लेक सासरी गेल्यापासून गप्प होती. ज्या घरचं दही चांगलं लागतं, तिथून शेजाऱ्यांनी विरजण न्यायचं, ही चाळीची रीत. गोदूने उरलेल्या सगळ्या गोळ्या वाटीत घालून तिला दिल्या.

"माझं लागलंय आता, काकू. तुम्ही लावा."

चार-सहा दिवसांत गोदूला गरगरू लागलं. उगाच रडू फुटायचं. धागा सोडून तिने जीन्सचा खिसाच कापला. हिंदुरावने खोदून विचारलं, तेव्हा वाटीची कथा बाहेर आली. तो दोघींनाही घेऊन दवाखान्यात गेला. पित्त होईल या भीतीने रखमाबाईने एकही गोळी घेतली नव्हती, हे नशीब.

"दही एकदा लागलं की लागलं," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूचं तसं नाही. बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. आणि दुसऱ्याला तर द्यायचीच नाही. त्यांच्या दुधाची परीक्षा कोणी केली?"

"पण पुन्हा पहिल्यासारखी होईन ना मी?" गोदूचा आवाज एवढासा झाला होता.

"झाला होतात ना? मग."

गोदूची गोळी त्यांनी पुन्हा सुरू केली. रखमाबाईला मात्र गोळी दिली नाही. निवांत बोलायला बोलावलं.

तेव्हापासून रखमाबाई रोज सकाळी गोदूच्या दारात येऊन उभी राहते. गोळी गोदूच्या तोंडात गेल्याशिवाय हलत नाही.

"माझ्या सासूनेसुद्धा एवढं छळलं नव्हतं," गोदू परवा करवादली.

"सासूला तू नको होतीस, गोदे. मला हवी आहेस," रखमाबाई म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.