बाळंतिणीशी बोलायची शिकवणी

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात अलीकडे जन्मलेल्या निम्म्या लेकरांनी पहिला टाहो फोडला तो आमच्या शेजारच्या आक्कांच्या परवानगीनं, असं माझं ठाम मत आहे. आक्कांना ते मान्य नाही. त्यांच्या मते निम्म्याहून जास्त. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत मागांची खटखट थांबली की उरणारा सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हयात घालवून त्या निवृत्त झाल्या, म्हणजे कागदावर झाल्या. प्रत्यक्षात दुसऱ्याच आठवड्यापासून त्या गावोगावच्या नर्सबायांना आणि आशाताईंना शिकवायला लागल्या. काय शिकवायच्या? तर गळ्यात सोनं घालून आलेल्या बाईला दवाखान्यात जे मिळतं, तेच फाटक्या लुगड्यातल्या बाईला कसं द्यायचं. "बाळ काढायला येतंय सगळ्यांस्नी," आक्का म्हणत, "पन आईला बसाय खुर्ची द्या म्हटलं की हात दुखत्यात."

हे शिकवणं फक्त वर्गापुरतं असतं तर ठीक होतं. पण आक्का बसमध्येही शिकवत, बाजारातही शिकवत. एकदा खानापूरच्या बसमध्ये त्यांनी एका तरण्याबांड पोराला उठवलं आणि दांडीला धरून उभ्या असलेल्या बाईला त्याच्या जागी बसवायला निघाल्या. ती बाई लाजून म्हणाली, "अहो, मी पोटुशी न्हाय. मी जाड हाय." आक्का क्षणभरही गडबडल्या नाहीत. "मग जाड माणसाचं पाय दुखत न्हाईत व्हय? बसा." बाई बसली. पोरगा उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. त्यांच्याबरोबर प्रवास करताना माझ्या वाट्याला बसायची जागा कधीच आली नाही, आणि मी तक्रारही केली नाही. केली असती तर माझं वजन विचारलं असतं.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो चित्रकलेचा मास्तर म्हणून. वर्गात दाखवायला मोठी चित्रं हवी होती. मी रविवारभर खपून एक गरोदर बाई रंगवली. गोरी, नाकीडोळी नीटस, अंबाड्यावर गजरा. आक्कांनी चित्र हातभर लांब धरलं, जवळ घेतलं, पुन्हा लांब धरलं. "मास्तर, ही दवाखान्यात आल्याली न्हाय. लग्नाला आलीया." मग माझ्याकडून त्यांनी काळी बाई काढून घेतली, बुरख्यातली काढून घेतली, काठी टेकत चालणारी, वयानं थोराड, अंगावर शेणामातीचे डाग असलेली अशा सगळ्या काढून घेतल्या. दर वेळी पोटावर बोट ठेवून विचारायच्या, "ही घागर हाय का पोट?" चार पोटं खोडून पाचवं पसंत पडायचं. शेवटी माझी बायको म्हणाली, "आता तुम्ही झोपेतबी पोटं काढाय लागलाय."

पण आक्का म्हणजे काय चीज आहे हे मला कळलं ते निपाणीच्या वर्गात. मी चित्रांची गुंडाळी घेऊन बरोबर गेलो होतो. वीस-पंचवीस नर्सबाया, काही आशाताई आणि कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेले एक डॉक्टर. सगळ्यांना वाटलं, आता पडद्यावर काहीतरी दाखवतील. आक्कांनी चहाची किटली उचलली आणि स्वतः चहा द्यायला निघाल्या. पुढच्या बाकावर हसतमुखानं, "घ्या हो, साखर पुरी हाय न्हवं?" मधल्या बाकावर मान वळवून, "थांबा तिकडंच, एवढी घाई होती तर लौकर यायचं." एका नर्सनं अर्धा कप आणखी मागितला. "कितवा हा? दुसरा? एकावर भागत न्हाय तुमचं?" एका आशाताईकडे बघून नाकाला पदर लावला आणि तिचा कप लांबूनच जमिनीवर ठेवला. वर्गात खसखस पिकली होती. तेवढ्यात एका पोरीची जीभ भाजली आणि ती "आई गं!" म्हणून ओरडली. आक्का कडाडल्या, "वरडतीस कशाला? बिस्किट बुडवताना ग्वाड लागलं न्हवं?"

आधी सगळा वर्ग हसला. मग हसू एकेका बाकावरून खाली बसत गेलं. हे वाक्य त्या खोलीतल्या प्रत्येकीनं बाळंतपणाच्या खोलीत ऐकलं होतं, चहाबिस्किटाबद्दल नव्हे, नवऱ्याबद्दल. डॉक्टरांनी मोबाईल खिशात घातला. मागच्या बाकावरच्या एका उंच, शिडशिडीत सिस्टरला शेजारणीनं ते कानडीत सांगितलं, तशी ती उठली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

ती बागलकोटकडची. तिची नेमणूक कणकुंबीच्या बाजूच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात होती. आजूबाजूला सगळं रान, माणसं मराठी बोलणारी आणि हिला कानडीशिवाय काही येत नव्हतं. आक्का तिच्याजवळ जाऊन कानडीत हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. परतताना बसमध्ये मला त्यांनी सांगितलं. रानातल्या एका वाडीवरची बाई पहिल्या खेपेला त्या सिस्टरकडं आली होती. कळा सुरू, बोलणं एकमेकींना कळेना. सिस्टर त्या दिवशी एकटीच होती, वैतागली, ओरडली, आणि नको ते बोलली. शब्द कळले नाहीत तरी आवाज कळतोच. बाई तशीच उठून घरी गेली आणि झोपडीत बाळंत झाली. बाळ वाचलं, बाई मात्र मरता मरता राहिली. आता ती दुसऱ्यांदा गरोदर होती आणि दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? जायाचं. चित्रं घेऊन तुमीबी या."

सिस्टरला घेऊन वाडीवर पोचलो तेव्हा अंगणात नाचणी वाळत होती. सासूनं सिस्टरला लांबूनच ओळखलं. "हीच ती," ती सुनेला म्हणाली आणि दाराच्या चौकटीत आडवी उभी राहिली. मला वाटलं, आता आक्कांचा पट्टा सुटणार. पण आक्का ओट्याच्या कडेला टेकल्या आणि चक्क गप्प बसल्या. हा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला नसता तर माझा विश्वास बसला नसता. सिस्टर अंगणात उन्हात उभी. मग ती बसमध्ये घोकत आलेली वाक्यं म्हणायला लागली, एकेक शब्द दगडावर पाय ठेवावा तसा तपासत. "मी... वरडली. माजं चुकलं. तुला... काय पायजे, सांग."

दारामागून सून बाहेर आली. तिनं सिस्टरकडं नीट बघितलं. "आत्ती माझ्यासंगं आत पायजे," ती सासूकडं बोट करून म्हणाली. "आणि कापडं काढताना दार लावा. गेल्या बारीला सताड उघडं हुतं."

एवढंच मागणं. सिस्टरला शेवटचं वाक्य कळलं नाही. आक्कांनी ते कानडीत सांगितलं, तेव्हा तिची मान खाली गेली. सासू आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. सिस्टर घटाघटा पाणी प्यायली. मग माझी गुंडाळी उलगडली. सासूनं शेणामातीच्या डागांची बाई बघितली आणि पहिल्यांदा हसली. "ही आमच्यातलीच दिसतीया की!" माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे एकमेव पारितोषिक.

पुढचे दोन महिने आक्कांच्या फोनवरून मराठीची शिकवणी चालली. भिंतीपलीकडून आम्हालाही पाठ झाली. "दमानं घे. श्वास सोड. भिऊ नको, मी हाय." आक्का ओरडून सांगत, पलीकडून सिस्टर ओरडून म्हणे, आणि आमच्या गल्लीतली पोरं खेळता खेळता एकमेकांना श्वास सोडायला सांगत.

एका सकाळी आक्का फोन कानाला लावूनच आमच्या स्वयंपाकघरात घुसल्या. हसता हसता त्यांना बोलता येईना. त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून सिस्टर सांगत होती. बाई वेळेवर आली, सासूबरोबर आली. दार लावलं. कळा वाढल्या तशी सिस्टर गांगरली आणि बाईचा हात धरून म्हणाली, "भिऊ नको गं, मी न्हाय!" ऐन कळेत ती बाई हसायला लागली. सासू हसायला लागली. "मग कोण हाय?" असं बाईनं विचारलं म्हणे, आणि त्या हसण्यातच पोरगी झाली. मायलेकी खुशाल. माझ्या बायकोनं शिरा करायला घेतला. आक्कांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला, आणि मला दम दिला की नवजात पोरीचं चित्र काढताना गाल फुगवायचे नाहीत.

परवा निपाणीला पुन्हा वर्ग झाला, तो त्या उंच सिस्टरनं घेतला. अर्धा कानडीत, अर्धा मराठीत, चुका करत आणि स्वतःच त्यांच्यावर हसत. आक्का मागच्या बाकावर बसून होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर बसस्टँडकडे चालताना एका जुन्या तंबाखूच्या वखारीपाशी त्या थांबल्या.

"माझी आई हितं कामाला हुती," त्या म्हणाल्या. "माझ्या बारीला तिला कळा हितंच सुरू झाल्या. बायकांनी दवाखान्यात न्हेलं. नर्सबाईनं वस्ती इचारली, आमचं घर बुद्धविहाराकडं. मग आत घेतलंच न्हाय. व्हरांड्यातच झाले मी. आत खाट रिकामी हुती, आई सांगायची."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मी कधी ऐकलं नव्हतं. "राग नाही येत त्या बाईचा?" मी विचारलं.

"आला की. लई वर्सं आला." आक्कांनी पदर सारखा केला. "आता वाटतंय, तरणी पोरगीच असंल ती. तिला कुणी समोर बसवून सांगितलं असतं, तर तिनंबी आत घेतलं असतं. कुणी सांगितलंच न्हाय तिला."

बस लागली होती. कधी नव्हे ते खिडकीजवळची जागा त्यांना मिळाली. घाट लागायच्या आत त्यांना झोप लागली, आणि वारा सुटला होता म्हणून मी हात लांब करून काच सरकवून घेतली.