तात्यांच्या झाकणाची चौथी कड

परवा तात्या गेले. त्यांच्या स्टार्टरच्या पेटीचं झाकण मात्र अजून घट्ट बसतंय.

दोन्ही बातम्या एकदम सांगतेय, कारण तात्यांना विचारलं असतं तर त्यांनी झाकणाची आधी सांगायला लावली असती.

तात्या म्हणजे कुंडलचे, लष्करातून रिटायर्ड झालेले हवालदार. पलूसच्या आमच्या कॅड क्लासमधले सगळ्यात वयस्कर विद्यार्थी. मी त्यांची टीचर.

मी कोयनानगरची, घरातली पहिली ग्रॅज्युएट. डिझाइनचं सॉफ्टवेअर मराठीतून शिकवायचं हे माझं वेड. क्लासच्या मालकांनी ते ऐकून घेतलं आणि एक बॅच दिली. अट एवढीच की प्रत्येकाचं फायनल मॉडेल पूर्ण झालं पाहिजे. एकाचंही राहिलं तर मराठी बॅच बंद आणि मी परत घरी.

पहिल्या दिवशी विचारलं, कुणाला काय बनवायचंय? पोरांनी ड्रोन सांगितला, बुलेटचं इंजिन सांगितलं.

तात्या उठून सावधानमध्ये उभे राहिले.

"झाकण."

त्यांची विहीर थोरल्या भावाशी, आण्णांशी सामाईक. मधोमध बांध, बांधावर विहीर, विहिरीवर मोटरच्या स्टार्टरची छोटी पेटी. पेटी गावातल्या वेल्डरनं केलेली, चारही बाजूंनी वेगळी वाकडी. दुकानातलं एकही झाकण तिला बसत नव्हतं. जुनं फुटल्यापासून आत पाल शिरायची आणि ऐन पाण्याच्या पाळीला मोटर बंद पडायची.

मग दोघा भावांनी मिळून नवीन का नाही केलं?

कारण दोघं बोलत नव्हते. एका वर्षी आण्णांच्या ट्रॅक्टरनं बांधाची कड खाल्ली, तेव्हापासून सगळा व्यवहार विहिरीजवळ बांधलेल्या आण्णांच्या म्हशीमार्फत.

तात्या म्हशीला म्हणायचे, "सांग गं तुझ्या मालकाला, पालीपायी मोटर बंद पडली."

आण्णा म्हशीला म्हणायचे, "सांग त्याला, पाल काय माझ्या एकट्याच्या वाटणीची न्हाई."

म्हणून तात्या क्लासला आले. स्वतःचं झाकण स्वतः करणार, कुणाच्या तोंडाकडं बघणार नाही.

पेटीचं मॉडेल त्यांनी झकास केलं. मग झाकणाची पाळी आली. मी प्रोजेक्ट कमांड शिकवली. आधी काढलेल्या वस्तूवर क्लिक करायचं, की तिची कड नव्या स्केचमध्ये उतरते. मूळ कड जागची हलत नाही, आपल्याला फक्त तिची सावली मिळते. चारही कडा जुळल्या की आतला भाग निळा होतो. कुठं फट राहिली तर निळा होत नाही आणि झाकण उभंच राहत नाही.

"बांध फुटका असेल तर वाफ्यात पाणी थांबतं का? तसंच हे," मी म्हटलं. सगळ्या वर्गाला पटलं.

तात्यांना जरा जास्तच पटलं.

त्यांनी तीन कडा प्रोजेक्ट केल्या. चौथी हातानं काढली, थोडी आत, दोन्ही कोपऱ्यांना न टेकता. निळं काही होईना.

मी पुसून दाखवलं. त्यांनी पुन्हा तसंच केलं. आठवडाभर हेच. सबमिशन तोंडावर आलं, बाकी सगळ्या पोरांची मॉडेल्स जमा झाली आणि मला रात्रंदिवस तेवढी एक फट दिसायला लागली.

शेवटी विचारलं, तात्या, नेमकी हीच बाजू का सोडता?

ते खालच्या आवाजात म्हणाले, "म्याडम, ती बाजू आण्णाची हाय. बांधाजवळ आमी नांगर बी हातभर लांब धरतो."

"तात्या, ही नुसती सावली आहे."

"आसंना. इचारल्याबिगर घेऊ न्हाई."

माझ्या एका क्लिकनं काम झालं असतं. पण विद्यार्थ्याचं मॉडेल आपण पूर्ण करायचं नाही हा माझा नियम. मनातल्या मनात घरी जायची बॅग भरली आणि म्हटलं, मग विचारून या.

"कुणाला, म्हशीला?"

सबमिशनच्या दिवशी क्लासच्या दारात एक स्कूटर थांबली. पुढं तात्या. मागं आण्णा, मधे हातभर जागा सोडून बसलेले.

दोघं थेट तात्यांच्या कॉम्प्युटरपाशी आले. तात्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"आण्णा, ही तुझ्या बाजूची कड. घिऊ का?"

आण्णांनी चष्मा लावला. खरी कड हलणार नाही ना, हे मला दोनदा विचारलं. मी पेटी सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवली.

"घे," आण्णा म्हणाले. "पर नीट घे. तुझं लष्करातबी सगळं अर्धवटच."

तात्यांनी क्लिक केलं. आतला भाग निळा झाला.

"भरलं व्हय वाफ्यात पाणी?" आण्णांनी विचारलं.

"भरलं," तात्या म्हणाले.

म्हैस जवळपास नव्हती.

मॉडेलवरून खरी वस्तू घडवणाऱ्या क्लासच्या थ्री-डी प्रिंटरमध्ये त्या दिवशी फक्त गुलाबी प्लॅस्टिक शिल्लक होतं. त्यामुळे कुंडलच्या शिवारात गुलाबी झाकणाची विहीर म्हणून ती प्रसिद्ध आहे. मराठी बॅच अजून चालू आहे आणि नवीन पोरांना मी आजही तेच झाकण काढायला देते.

भाऊ नंतर गळ्यात पडले वगैरे समजू नका. ते रोज भांडायला लागले. आण्णा मोटर चालू केली की झाकण उघडंच टाकून जायचे. तात्या बांधावरून ओरडायचे, "आण्णा, झाकण!" आण्णा म्हणायचे, "कड माझी हाय, माझ्या मर्जीनं लावीन." तात्या फोन करून मला त्याचा रिपोर्ट द्यायचे, फार खुशीत.

आज तिसऱ्याला कुंडलला जाऊन आले. निघताना विहिरीकडं गेले. आण्णा एकटेच तिथं होते, मी आलेली त्यांना दिसली नाही.

त्यांनी मोटर चालू केली. झाकण लावलं. चारही बाजूंनी दाबून बघितलं.

मग म्हशीकडं वळले.

"सांग गं त्याला," म्हणाले, "लावलंय झाकण."

तात्या, निरोप पोचला असेल. निवांत जा.

तुमच्या म्याडमचा नमस्कार.