चुन्याखालचे आकडे

माझा मामा घोरायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे. बागेच्या फाटकाला लागून त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, नोकरीबरोबर मिळालेलं. सकाळी लवकर येणारे कामगार फाटकाशी उभे राहून कान देत, आणि हेडमाळी उठलाय की नाही हे त्यांना तिथेच कळे. मामी वीस वर्षं त्या घोरण्याच्या नावाने बोटं मोडत होती.

बाग म्हणजे फुलांची नव्हे, झाडांची. देशोदेशींची झाडं एका जागी लावायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, आणि कुठलं जगतं, कुठलं मरतं ते बघत बसायचं. असला उद्योग आमच्या भागात तोवर कुणी ऐकलाही नव्हता. ज्या मालकांनी तो सुरू केला त्यांना लोक खुशाल वेडे म्हणत. मालक गेले आणि त्यांचे पुतणे आमचे साहेब झाले. मामा मात्र पहिल्या खड्ड्यापासूनचा. मी एकोणीस वर्षांची असताना त्याच्याच वशिल्याने तिथल्या रोपवाटिकेत कामाला लागले. पहिल्याच दिवशी त्याने मला बजावलं, "घरी मी तुझा मामा. इथे चुकलीस तर फाटक दाखवीन."

बागेचं वर्ष पानगळीपासून सुरू होई. ओकची फळं गोळा करून बादलीभर पाण्यात टाकायची. तरंगतील ती किडकी म्हणून फेकून द्यायची, बुडतील ती ओल्या वाळूच्या खोक्यात पेरणीपर्यंत झोपवायची. मग पानं झाडणं, आणि जमीन गोठली की मोठी झाडं मुळांभोवतीच्या कडक मातीसकट उचलून, घसरगाडीला दोन घोडे जुंपून, नव्या जागी नेणं. त्या आठवड्यात मामाचा घसा ओरडून ओरडून बसायचा, आणि घरात तेवढीच शांतता, असं मामी म्हणायची.

पाट्यांचं कामही हिवाळ्यातलंच. प्रत्येक झाडावर पत्र्याची पाटी असे. पानं गळली की पाट्या उतरवून शेडमध्ये आणायच्या, घासायच्या, रंगवायच्या, आकडे नव्याने काढायचे आणि हिवाळा सरायच्या आत परत टांगायच्या. एकदा माती सैल झाली की पेरणीतून कुणाला मान वर करायला फुरसत नसे. पाट्या शेडमध्ये असेतोवर प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी त्याच्या क्रमांकाची लाकडी खुंटी रोवत. पण एका वर्षी पानं झाडणाऱ्या बायकांनी पानांबरोबर अर्ध्या खुंट्याही ओढून नेल्या होत्या. म्हणून पुढच्या वर्षी मामाने स्वतःचं डोकं चालवलं. आकडे खडूने थेट खोडावर लिहिले, छातीच्या उंचीवर. "खोडावरचं कोण झाडून नेतंय बघू," असं तो चार ठिकाणी सांगूनही आला.

त्या वर्षी थंडी लवकर आली, आणि तीही विचित्र. रात्री गोठवायची आणि दुपारी कडक ऊन. अशा हवेत कोवळ्या झाडांची साल तडकते, म्हणून खोडांना चुना लावतात. एरवी हे काम पाट्या परत चढल्यावर, हिवाळ्याच्या शेवटी होई. मामाने ते तातडीने आधी घेतलं. ओकांच्या पट्ट्यावर तर त्याचा भारी जीव, तिथे दुसऱ्या कुणाचा हात नको. बादली आणि कुंचा घेऊन एकेचाळीस झाडं त्याने एकट्याने रंगवली, जमिनीपासून छातीपर्यंत, शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी मी वाळलेल्या पाट्यांचं खोकं घेऊन तिथे गेले. एकेचाळीस पांढरीशुभ्र खोडं, आणि आकडा एकावरही नाही.

"मामा," मी म्हटलं, "आकडे कुठे लिहिलेत?"

तो हसत वळला, बोट दाखवायला हात वर केला, आणि हात तसाच राहिला. त्याचा चेहरा खोडांइतकाच पांढरा झाला होता. चुना खरवडून पाहिला, तर खाली चुनाच; ओल्या कुंच्याने खडू त्यातच मिसळून गेला होता. साल मात्र सोलायला लागली, तेव्हा ते थांबवलं.

झाडं कुठे आहेत हे सांगणारा नकाशा एकच होता, मालकांच्या हातचा, आणि तो साहेबांनी छापून घ्यायला शहरात नेला होता. तो मागवायचा तर कारण सांगावं लागणार. साहेबांच्या मनात आधीच शिकलेला तरुण हेडमाळी आणायचं घोळत होतं, हे सगळ्या बागेला ठाऊक होतं. त्यात पत्र येऊन पडलं होतं: 'कळ्या उमलायच्या सुमारास ओकांच्या तज्ज्ञ बाईंना घेऊन येतो. पट्टा तयार ठेवा.' नोकरी गेली की घरही जाणार. मामी एवढंच म्हणाली, "जगाला चुना लावणारे बघितले. स्वतःलाच लावणारे तुम्हीच पहिले." मग तिने त्याला जेवायला वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

त्या दिवसापासून मामाचं घोरणं बंद झालं. सकाळी फाटकाशी कामगार कान देऊन थकले.

घरात मालकांची एक वही होती. तीत क्रमांकवार प्रत्येक ओकचं वर्णन होतं, पण जागा नव्हती. आणि वर्णन तरी कसलं? पानांचं आणि फळांचं. नागड्या झाडांपुढे ती वही उघडून आम्ही काय करणार होतो? कळ्यांबद्दल तीत चकार शब्द नव्हता. कळ्या होत्या मामाच्या बोटांत. रोज शिडी लावून तो वर चढायचा, चुन्याच्या वरच्या फांदीवर हात फिरवायचा आणि खाली सांगायचा, "टोकाला पाच कळ्या, लव आहे, तांबूस. चौदा." मी चौदाची पाटी द्यायची. कधी एका झाडापाशी सबंध दुपार जायची. खाली उतरून तो पुन्हा चढायचा. मी रागीट माणूस आहे, चुकणाऱ्याला सोडत नाही, पण तेव्हा मला त्याच्यावर रागावता येईना.

एकोणचाळीस झाली. उरली दोन, सत्तावीस आणि अठ्ठावीस, फाटकाजवळ शेजारीशेजारी. एक रस्त्याकडेला, एक भिंतीकडेला. कळ्या अगदी जुळ्या.

"यात काय बघायचं?" मामा म्हणाला. "सत्तावीस रस्त्याकडेचा. मालकांनी माझ्यासमोर पाटी लावली. अठरा वर्षं तीच बघतोय."

मामी फाटकाशी झाडू घेऊन उभी होती. ती म्हणाली, "वहीत सत्तावीसला काय लिहिलंय?"

मी वाचलं, "वाळलेली पानं हिवाळाभर धरून ठेवतो."

"मग बघा की. पानं भिंतीकडच्याने धरलीत. दरवर्षी माझं सगळं झाडून झालं की हा मेला वसंतात पानं टाकतो. अठरा वर्षं पाटी बघितलीत, आता झाड बघा!"

मामाने पाहिलं. भिंतीकडच्या झाडावर तपकिरी पानं खडखडत होती, रस्त्याकडचं साफ रिकामं होतं. खरं काय ते त्याला त्याच क्षणी दिसलं, आणि त्याच क्षणी त्याने हातातल्या दोन्ही पाट्या खाली ठेवल्या. कारण साहेबांच्या नकाशात मालकांनी सांगितलेलंच असणार. तिथे पाटी बदललेली दिसली की सगळं बाहेर येणार. दोन दिवस त्या दोन पाट्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होत्या. तिसऱ्या दिवशी त्याने सत्तावीस भिंतीकडच्यावर टांगली. "झाडाला खोटं नाव नाही लावणार," एवढंच म्हणाला.

वसंत आला तसा मी रोज पहाटे पट्ट्यात जायचे. एकेक झाड पान उघडायचं आणि मी वहीशी ताडून बघायचे. चौदा बरोबर. नऊ बरोबर. तेतीस बरोबर. प्रत्येक वेळी धावत येऊन मामाला सांगायचं आणि त्याने फक्त मान हलवायची. चाळिसावं जुळलं त्याच दिवशी साहेबांची गाडी आली.

तज्ज्ञ बाई वयस्कर होत्या, काठी घेऊन चालायच्या. साहेब हातात नकाशा धरून पुढे, आम्ही मागे. सव्विसापर्यंत सुरळीत चाललं. मग साहेब थांबले. नकाशा बघितला, पाटी बघितली, पुन्हा नकाशा.

"ह्या दोन पाट्या कुणी हलवल्या?"

मामाने डोक्यावरची टोपी काढली. "मी, साहेब." आणि त्याने सगळं सांगितलं. खडू, चुना, शिडी, काहीही लपवलं नाही. "बाकीची झाडं मी ओळखली. ही चूक मात्र माझ्या बायकोने पकडली. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा, पण सत्तावीस भिंतीकडचाच आहे."

त्याआधी त्याने कधी चारचौघांत मामीचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. मामी झाडूकडे बघत राहिली.

बाई भिंतीकडच्या झाडापाशी गेल्या. कोवळं पान उलटं करून पाहिलं, काठीने गवत उकरलं, गेल्या वर्षीच्या फळाची एक वाळकी टोपी उचलून तिच्यावर नख फिरवलं. मला वाटलं, त्यांना वर्षभर वेळ आहे.

"पाटी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नकाशा चुकलाय."

माझा जीव भांड्यात पडला. मामाने शेजारच्या खोडाला हात टेकला आणि हाताला चुना लागला तरी काढला नाही.

"बाकीचे ओळखलेत कशावरून?" बाईंनी विचारलं.

"कळ्यांवरून, बाई."

"पानांशिवाय? एकोणचाळीस ओक?" त्या साहेबांकडे वळल्या. "हे कुठल्या पुस्तकात नाही हो. लिहून घ्या यांच्याकडून."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. म्हणाले, "वहीत कळ्यांचं पान घाला. पुढचा हिवाळा संपेपर्यंत पुरं करा." आणि खिशातली पेन्सिल काढून नकाशाबरोबर मामीपुढे धरली. "तुम्ही पकडलीत ना चूक? तुम्हीच दुरुस्त करा." मामीने हात पदराला पुसले आणि दोन आकडे खोडून जागच्या जागी लिहिले. अक्षर जरा तिरकं आलं.

पुढचा हिवाळा म्हणजे मामा इथेच. घर इथेच. ते तोंडाने कुणी म्हटलं नाही, पण आम्हाला तिघांनाही कळलं.

दुपारी साहेब आणि बाई अंगणात चहा घेत बसले होते. मामा "आलोच" म्हणून आत गेला होता. थोड्या वेळाने खिडकीतून करवत चालवल्यासारखा आवाज येऊ लागला. साहेबांनी कप खाली ठेवला, वळून पाहिलं. मी त्याला उठवायला धावले, तर मामीने माझा दंड धरला.

"घोरू दे," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी घोरताहेत."

आणि ती पायरीवर बसून ऐकत राहिली.